सकाळपर्यंत वाळेल का? आळंदी ते पंढरपूर पायी वारीचं सामान

माझ्या पहिल्या वारीला मी चांगले महागाचे वॉटरप्रूफ बूट घालून निघाले होते. पुणं सोडलं, हडपसरच्या पुढे पावसाने धरलं. पाणी पायावरून ओघळत मोज्यात आणि मोज्यातून बुटात उतरलं. बूट खरंच वॉटरप्रूफ होते, आत गेलेलं पाणी त्यांनी शेवटपर्यंत बाहेर येऊ दिलं नाही. दिवेघाटात प्रत्येक पावलाला पचपच आवाज. सासवडला तंबूत मोजे काढले तर बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सुटायला आलेली. शेजारच्या पथारीवरच्या आजींनी बूट हातात घेतले, उलटे केले, पाणी गळताना बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, बूट लई ग्वाड हाईत. पर सकाळपतुर वाळतील का?"

वाळले नाहीत. सासवडचे दोन्ही मुक्काम संपले तरी आतून ओलेच होते. मग बाजारात रबरी पट्ट्यांची सँडल घेतली आणि बूट ट्रकात टाकले, ते घरी येऊनच बाहेर निघाले. त्यानंतर कुठलीही वस्तू पिशवीत भरण्याआधी मी आजींचाच प्रश्न विचारते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माऊलींची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. इतके दिवस तंबूत राहायचं असेल तर या प्रश्नापुढे किंमत, ब्रँड, वजन सगळं दुय्यम.

हे सगळं दिंडीसोबत चालणाऱ्यांसाठी लिहिते आहे. देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर जाणार असाल तर वाट वेगळी, पण सामान जवळपास हेच.

आधी वाट समजून घ्या

या वाटेवर दोन ऋतू लागतात. आळंदी, पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी, इथपर्यंत पावसाची तयारी हवी. नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटणकडे सरकलो की आपण पर्जन्यछायेत शिरतो. ढग दिसतात, वारा सुटतो, पण पाऊस येईलच असं नाही, आणि ऊन मात्र डोक्यावर. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर या टप्प्यात मी पावसापेक्षा उन्हानेच जास्त लोक बसलेले पाहिलेत. आणि तिथेच एखादी मोठी सर आली तर काळ्या मातीच्या रानातला मुक्काम म्हणजे घोटाभर चिखल. म्हणजे रेनकोट आणि टोपी दोन्ही लागणार, आणि जागा एकाचीच आहे.

दुसरं, अंतर रोज सारखं नसतं. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या वर जातो आणि त्यात घाट. लोणंद ते तरडगाव दहा किलोमीटरसुद्धा नाही. सामानाची परीक्षा सुरुवातीच्या तीन दिवसांतच होते. त्यात बहुतेक वर्षी दिवेघाट चढायचा दिवस नेमका ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो, म्हणजे सगळ्यात लांबची चाल उपवासाच्या पोटी. जवळच्या पिशवीत त्या दिवशी राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर असायलाच हवेत.

तिसरं, रस्ता. पालखी महामार्ग आता बराचसा चौपदरी झालाय आणि बऱ्याच भागात काँक्रीटचा आहे. काँक्रीट डांबरासारखं वितळत नाही, पण पायाला जराही दाद देत नाही. पातळ तळव्याची चप्पल त्यावर चौथ्या दिवशी गुडघ्यात बोलायला लागते.

दोन पिशव्या: ट्रकातली आणि खांद्यावरची

दिंडीत नाव नोंदवून भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली की तुमचं सामान दिंडीच्या ट्रकातून पुढच्या मुक्कामी जातं. नवख्यांना वाटतं, मग काळजी कसली, हवं ते घेऊ. पण पहाटे अंधारात तंबू उतरतात, सामान ट्रकात रचलं जातं, आणि त्यानंतर ती पिशवी संध्याकाळीच दिसते. वाटेत पाऊस आला आणि रेनकोट ट्रकात असला तर तो असून नसल्यासारखाच.

ट्रकातली पिशवी मऊ हवी. चाकांची ट्रॉली बॅग आणू नका. ती रचताना चाकं तरी मोडतात नाहीतर दुसऱ्याच्या डब्याला पोचे पडतात, आणि वावरात चाकांचा उपयोग शून्य. रेक्झिनची किंवा जाड कापडाची, दोन बंदांची बॅग उत्तम. बॅग बाहेरून कितीही पाणीरोधक असू दे, आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यातच कपडे भरा. आमच्या दिंडीतले शेतकरी खताच्या गोणीची आतली पिशवी धुऊन वापरतात, तिच्यापुढे बाजारातली सगळी कव्हरं फिकी आहेत. बॅगेवर ऑइल पेंटने नाव, दिंडी क्रमांक (पालखीच्या रथापुढे की रथामागे हेही) आणि घरच्या माणसाचा मोबाइल नंबर लिहा. स्वतःचा नको, कारण हरवलेल्या बॅगेत तुमचा मोबाइलही असू शकतो. बंदाला एखादं भडक रंगाचं फडकं बांधा. पहाटे चार वाजता पन्नास काळ्या बॅगांतून आपली शोधायची असते. वजन आठ किलोच्या आत ठेवा, कारण ट्रक मुक्कामाच्या तंबूपासून लांब उभा राहिला तर ती उचलून तुम्हालाच न्यायची आहे.

खांद्यावरची पिशवी पंधरा ते वीस लिटरची, दोन्ही खांद्यांवर बसणारी सॅक. एका खांद्याची शबनम दिसायला शोभते, पण सासवडपर्यंत मान आखडते. पाण्यासकट साडेतीन किलोच्या वर जाऊ देऊ नका. ताणकाट्याला लावून बघा, अंदाज हमखास चुकतो. टाळ घेऊन चालणार असाल तर दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणजे हातात धरायची कुठलीच वस्तू चालणार नाही, हेही धरून चाला.

पाय

यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण वारी सोडून परतलेल्यांपैकी मला भेटलेले बहुतेक सगळे पायामुळे परतले.

चप्पल की सँडल की बूट? माझं मत स्पष्ट आहे: मागे पट्टा असलेली, जाड पण मऊ तळव्याची, रबरी किंवा सिंथेटिक पट्ट्यांची सँडल. पाणी शिरतं तसं निघून जातं, दहा मिनिटांत निथळते, पंगतीला बसताना काढायला सोपी. चामडं नको, भिजलं की ताठ होतं आणि कातडी कापतं. ज्यांच्या टाचेचं दुखणं जुनं आहे किंवा ज्यांना बुटाशिवाय चालताच येत नाही, त्यांनी जाळीचे स्पोर्ट्स शूज घ्यावेत, वॉटरप्रूफ नव्हे. आतला तळ निघणारा हवा, म्हणजे रात्री तो वेगळा वाळवता येतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत बरंच पाणी ओढलं जातं. बुटासोबत ट्रकात एक सँडल हवीच.

खरेदी संध्याकाळी करा. दिवसभराच्या चालीने पाय सुजतो आणि वारीत तो रोज सुजणार आहे. सकाळी बरोब्बर बसलेलं पायताण दुपारी अंगठ्याला टोचतं. मोजे घालून माप घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. आणि कृपा करून निघायच्या आठवड्यात नवं काही घेऊ नका. किमान महिनाभर आधी घेऊन शंभरेक किलोमीटर त्यातच चाला.

मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. पातळ सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित मोज्यांचे चार जोड घ्या, एक पायात, एक खांद्यावरच्या पिशवीत, दोन ट्रकात. दुपारच्या विसाव्याला मोजे बदला आणि ओला जोड सॅकच्या मागे सेफ्टी पिनेने टांगा. चालता चालता वाळतो. माणसं हसतील, हसू द्या, दुसऱ्या दिवशी तेच तुमच्याकडे पिना मागायला येतात.

फोड यायच्या आधी जागा चुरचुरते. त्याच क्षणी थांबून ती जागा पुसून कोरडी करा आणि त्यावर कागदी वैद्यकीय चिकटपट्टी लावा. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हटलं की फोड आलाच. आलेला फोड सुईने फोडून त्यात दोरा ओवून ठेवायची जुनी पद्धत अजून दिसते, पण चिखलाच्या वाटेवर तो दोरा म्हणजे जंतूंना आत यायला दिलेली वाट. लहान फोड असेल तर झाकून ठेवा, मोठा आणि दुखरा असेल तर वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडून साफ करून घ्या.

चिखल्यांसाठी रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पंचाने कोरड्या करून बुरशीरोधक पावडर टाका. टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल. त्याची घट्ट वडी मिळते, कंदी पेढ्याएवढा तुकडा महिनाभर पुरतो, सांडत नाही. आणि जे कुणी सांगत नाही ते सांगते: मांड्या काचतात. बायकांच्या, पुरुषांच्या, सगळ्यांच्या. घाम आणि पावसाने भिजलेल्या कापडाने दुसऱ्याच दिवशी सोलवटतात आणि लाजेने कुणी बोलत नाही. आतून गुडघ्यापर्यंतची चापून बसणारी चड्डी घाला आणि सकाळी निघतानाच व्हॅसलिन लावा.

मधुमेह असेल तर अनवाणी चालायचा नेम धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. पायाची संवेदना कमी झाली असेल तर खडा रुतलेला कळत नाही. रोज रात्री टॉर्च लावून तळवे स्वतः बघा, नाहीतर शेजारणीला बघायला सांगा.

कपडे

तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा राखीव. तो राखीव जोड कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही, तो रात्रीचा. भिजून आल्यावर रात्री कोरडं अंगाला लागलं की अर्धा ताप टळतो.

शुद्ध सुती कपडा उन्हात छान, पावसात शिक्षा. टेरिकॉटचा नेहरू शर्ट नि पायजमा रात्रीत तंबूच्या दोरीवर वाळतो. जीन्स घरी ठेवा. टर्किश टॉवेल तर अजिबात नको. पंचा आणा, दोन आणा. अंग पुसायला, उन्हात डोक्याला गुंडाळायला, भाकरी बांधून घ्यायला, एकच पंचा सगळी कामं करतो आणि पिळून झटकला की वाळतो.

बायकांसाठी थोडं वेगळं. नऊवारी नेसायची सवय असेल तर तिच्याएवढी चालायला सोयीची दुसरी गोष्ट नाही, फक्त सुतीऐवजी हलकी सिंथेटिक घ्या. सवय नसेल तर वारीसाठी म्हणून शिकायला जाऊ नका, पंजाबी ड्रेस घाला, कुणी काही म्हणत नाही. अंघोळ पहाटे तीन-साडेतीनला टँकरच्या तोटीशी किंवा आडोशाला उघड्यावर होते. त्यासाठी छातीशी नाडी बांधता येईल असा गडद रंगाचा परकर हवा, आणि कपडे बदलताना धरायला जुनी साडी. दोघी-तिघींनी मिळून जायचं आणि आळीपाळीने साडी धरायची. फिरती शौचालयं मुक्कामांवर असतात, पण रांग आणि अंधार दोन्ही असतात, तेव्हा टॉर्च आणि सोबत हवी. पाळीची तारीख वाटेत येत असेल तर नेहमीपेक्षा जास्त पॅड, आणि ते गुंडाळायला कागद व वेगळी पिशवी. रानात काही टाकू नका, सकाळी त्या वावरात शेतकरी येणार असतो.

सोबत पाच मीटर नायलॉनची दोरी, डझनभर सेफ्टी पिना, कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी.

पाऊस आणि ऊन

छत्री, रेनकोट, पोंचो आणि साधा प्लॅस्टिकचा कागद, मी चारही वापरून पाहिलेत.

गर्दीत छत्रीची काडी शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते आणि दिवेघाटातल्या वाऱ्याला ती उलटी होते. रेनकोटात आतून इतका घाम येतो की पावसाने नाही तर घामाने भिजतो, आणि पाठीवरची सॅक बाहेरच राहते. पोंचो सॅकसकट झाकतो, बाजूंनी हवा खेळते, म्हणून पावसाच्या टप्प्यात तो माझ्या पसंतीचा. पण खरं सांगायचं तर वाटेवर विकायला असलेला, एका कोपऱ्यात घडी घालून इरल्यासारखा डोक्यावर घ्यायचा जाड प्लॅस्टिकचा कागद निम्म्याहून जास्त वारकरी वापरतात आणि त्यांचं काही अडत नाही. झटकला की कोरडा, विसाव्याला तोच अंथरायचा. फाटला तर मात्र रस्त्यात टाकू नका.

लोणंदनंतर पोंचो सॅकच्या तळाशी, आणि रुंद काठाची टोपी किंवा ओला पंचा डोक्यावर. इथे लहान घडीची छत्री उन्हासाठी उपयोगी पडते, पण दिंडीच्या ओळीत नाही, मागेपुढे सुटं चालत असाल तरच.

झोप

खाली ताडपत्री नाहीतर जाड प्लॅस्टिक, त्यावर गुंडाळता येणारी फोमची चटई, वर हलकी चादर. सोलापुरी चादर उबदार असते, पण एकदा भिजली की दोन दिवस ओली आणि वजनाला दुप्पट. ट्रकात जागा असेल आणि थंडी सोसत नसेल तर जुनी घोंगडी आणा. तिच्यावरून रिमझिम घसरते आणि ओलावली तरी ऊब देते. उशीसाठी कापडी पिशवीत दुसऱ्या दिवशीचे कपडे भरायचे. डासांसाठी अंगाला लावायचं मलम, आणि घोरणाऱ्यांसाठी कापसाचे बोळे. शंभर माणसांच्या तंबूत हे बोळे चैनीची नाही, गरजेची वस्तू आहे.

पाणी, खाणं, भांडी

एक लिटरची बाटली पुरे. वाटेत टँकर आणि पाणी वाटणारे जागोजागी असतात, दोन लिटर वाहून नेण्यात अर्थ नाही. पिण्याचा टँकर कुठला, वापरायचा कुठला, हे विचारून भरा. ओआरएसच्या एक लिटरवाल्या दहा पुड्या घ्या. एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी ओतू नका.

जेवण दिंडीत मिळतं, वाटेवरही लोक हात धरून खाऊ घालतात, त्यामुळे खाण्याचं सामान फार नको. शेंगदाणे, गूळ, खजूर बस. ताट, वाटी आणि कान असलेला स्टीलचा मोठा पेला स्वतःचा आणा, त्यावर नाव कोरून घ्या. पंगतीत सगळ्यांची ताटं एकसारखी दिसतात.

औषधं, मोबाइल, पैसे

रोजच्या गोळ्या वारीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या आणि दोन भागांत वाटा, अर्ध्या अंगाजवळ, अर्ध्या ट्रकात. इन्सुलिन घेत असाल तर ते ट्रकात कधीच नको, उन्हात उभ्या ट्रकात ते खराब होतं. प्रवासात कसं ठेवायचं ते डॉक्टरांकडून समजून घ्या. अंगदुखीच्या गोळ्या वाटेवर लोक प्रसादासारख्या वाटतात. उपाशी पोटी, पाणी कमी प्यायलेलं असताना त्या घेऊ नका.

मोबाइल झिपच्या पिशवीत, दहा हजार एमएएचची पॉवर बँक एक. पुण्यात आणि पंढरपुरात गर्दीमुळे फोन लागतच नाही, म्हणून दिंडी क्रमांक, विणेकऱ्यांचं नाव आणि तीन फोन नंबर कागदावर लिहून, त्याला चिकटपट्टीचं आवरण करून गळ्यात. चुकामूक झाली तर दिंडी क्रमांक सांगितला की कुणीही माऊली वाट दाखवते. वस्तू हरवली तर मुक्कामी समाज आरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, जा. चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात आणि हरवलं-सापडलं पुकारलं जातं. मला एकदा चष्मा असा परत मिळालाय. डोक्याला लावायची छोटी टॉर्च मात्र हवीच, मोबाइलच्या उजेडात बॅग बांधताना हात एकच उरतो.

सुट्या नोटा कमरेच्या पाकिटात, आधारची प्रत वेगळी. सोनं घरी.

निघायच्या आधीचा महिना

चार रविवार काढा. पहिल्या रविवारी दहा किलोमीटर, मग पंधरा, मग वीस, आणि शेवटच्या खेपेला सलग दोन दिवस वीस-वीस. दुसऱ्या दिवशीच्या वीसमध्ये जे कळतं ते पहिल्या दिवशीच्या तीसमध्येही कळत नाही. चालताना सॅक भरलेलीच हवी, डांबरी रस्त्यावरच चाला, आणि एकदा तरी मुद्दाम सँडल-मोजे बादलीत बुडवून ओल्यानेच निघा. शेजारी विचारतील काय झालं म्हणून.

निघायच्या तीन दिवस आधी सगळं सामान चादरीवर मांडा. सगळे कपडे रात्री धुऊन घरातच, पंख्याशिवाय, दोरीवर टाका. सकाळी जे ओलं असेल ते कपाटात परत.

आणि एक रिकामी कापडी पिशवी घडी करून तळाशी ठेवा. पंढरपुरातून निघताना चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा घ्याव्या लागतात, घरी आणि शेजारी वाट बघत असतात. दिंडीचा ट्रक पंढरपूरहून त्याच्या गावाला परत जातो, तुमच्या नाही. पंढरपूरच्या आदल्या, वाखरीच्या मुक्कामीच मोठी बॅग उतरवून घ्या. पंढरपुरात एकदा गर्दीत शिरलात की ट्रक कुठे उभा आहे ते शोधण्यात एकादशी जाते.